पाण्याच्या आणि जंगलाच्या तंट्यात उतरण्यापूर्वी: इंदूरच्या नवख्या कार्यकर्त्यांसाठी

लोकमान्य नगरात किंवा रामबागेत ज्या नळाला एक दिवसाआड पाणी येते, त्या नळाचे पाणी मंडलेश्वराजवळच्या जलूद येथे नर्मदेतून उपसले जाते आणि विंध्याचा चढ चढून, सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करून इंदुरात पोहोचते. १९७० साली या शहराने नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी आले. त्याआधी होळकरांच्या काळात, १९३९ साली गंभीर नदीवर बांधलेल्या यशवंतसागराचा शहराला मोठा आधार होता. हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की निमाडातल्या एखाद्या गावाचा शासनाशी पाण्यावरून, जंगलावरून किंवा जमिनीवरून तंटा उभा राहतो आणि आपल्यापैकी कोणी मदतीच्या इच्छेने तिकडे जातो, तेव्हा तो स्वतःला त्रयस्थ समजत असतो, आणि गावकरी मात्र त्याला पाणी नेणाऱ्या शहराचा माणूस म्हणून ओळखत असतात. आपली ही बाजू पहिल्याच भेटीत स्वतःहून बोलून दाखवावी. ती लपवून केलेली मध्यस्थी पहिल्या कठीण बैठकीतच मोडते.

पुढील मार्गदर्शन कायदा, समाजकार्य किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणांसाठी आणि निवृत्तीनंतर अशा कामाला वेळ देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. वकिलाचे काम या लेखाने होणार नाही. वकिलाकडे जाताना हातात काय असावे, ते मात्र यातून समजेल.

पहिली पायरी: वाद कोणाचा, हे ठरवावे

नैसर्गिक साधनांवरचे वाद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. राज्याविरुद्ध राज्य, समाजाविरुद्ध शासन आणि समाजाविरुद्ध समाज. प्रत्येकाचे दार वेगळे आहे आणि चुकीचे दार ठोठावले तर गावाची अनेक वर्षे वाया जातात. नवखा कार्यकर्ता सर्वांत मोठी चूक येथेच करतो, कारण एकाच नदीवर हे तिन्ही वाद एकाच वेळी चालू असू शकतात.

नर्मदेचेच पाहावे. पाणी किती आणि कोणाचे, हा मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यातला वाद होता. सरदार सरोवराच्या बुडितात गेलेल्या गावांचे पुनर्वसन हा विस्थापित आणि शासन यांच्यातला वाद आहे. इंदूरचे सांडपाणी कान्ह नदीतून उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, ही तिसऱ्या प्रकारची तक्रार. तिच्यात दोन्ही बाजूंना सामान्य माणसे आहेत आणि एका बाजूला आपणही आहोत. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचे पाणी नळवाहिनीतून क्षिप्रेला वळसा घालून पुढे सोडण्याची योजना झाली, तरीही तक्रार मिटली नाही, कारण पाणी कोठे सोडायचे याचे उत्तर मिळाले होते आणि ते घाण का येते हा प्रश्न तसाच उरला होता.

राज्यांमधील नदीच्या पाण्याचा वाद गावाला थेट न्यायालयात नेता येत नाही. राज्यघटनेच्या २६२ व्या अनुच्छेदानुसार संसदेला अशा वादांतून न्यायालयांना दूर ठेवण्याचा अधिकार आहे, आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी जल विवाद कायद्याच्या ११ व्या कलमाने तो वापरला गेला आहे. राज्य केंद्राकडे तक्रार करते, वाटाघाटींनी प्रश्न सुटणार नाही असे केंद्राला वाटले तर लवाद नेमला जातो आणि लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील होऊ शकते, हे कावेरीच्या वादात डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट झाले. पुनर्वसन, जंगलावरील हक्क, प्रदूषण आणि भूसंपादन यांसाठी मात्र गावाला स्वतःची दारे आहेत. त्यांची माहिती पुढे येते.

दुसरी पायरी: कागद आणि शिवारफेरी

या पायरीवर घाई करू नये. माझ्या मते एकूण कामातला निम्मा वेळ येथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

इंदूरच्या मराठी माणसाला येथे भाषेचीच एक अडचण येते. आपण महाराष्ट्रातले लेख वाचून तयारी करतो आणि गावात जाऊन सातबारा मागतो. मी स्वतः तसा मागितला होता, समोरचा पटवारी हसला आणि म्हणाला, «वह तो आपके नासिक में होता है।» मध्य प्रदेशात तलाठ्याच्या जागी पटवारी आहे, सातबाराच्या जागी खसरा आणि बी-वन आहेत, आणि प्रमाणित प्रतीला नकल म्हणतात. हे शब्द आधी तोंडात बसवावेत, कारण अर्जात चुकीच्या कागदाचे नाव लिहिले तर «असा अभिलेख उपलब्ध नाही» असे उत्तर मिळते आणि ते उत्तर नियमाने बरोबरही असते.

खसऱ्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळते. ती कोण वापरते, ते त्यातून पुरते कळत नाही. त्यासाठी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ नुसार ठेवले जाणारे दोन अभिलेख पाहावेत. निस्तार पत्रकात गावातील शासकीय पडीक जमिनीवर गुरे चारणे, सरपण, लाकूड, माती, दगड यांविषयीच्या गावकऱ्यांच्या सवलती आणि अटी नोंदलेल्या असतात. वाजिब-उल-अर्ज या दुसऱ्या अभिलेखात शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवरील आणि पाण्यावरील रूढी नोंदलेल्या असतात: कोणाच्या शेतातून कोणाचा पाट जातो, वहिवाटीचा रस्ता कोठला, मासे कोण धरतो. तंटा होतो तेव्हा दोन्ही पक्ष «पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे» असे म्हणतात. ते खरोखर कसे चालत आले होते, याचा सर्वांत जुना लेखी पुरावा अनेकदा याच कागदांत सापडतो. बहुतेक तरुण कार्यकर्त्यांनी ही नावे ऐकलेलीही नसतात.

जंगलालगतच्या गावात आणखी एक गुंता असतो. राज्यात काही जमिनी महसूल खाते आपल्या समजते आणि वन खातेही आपल्या समजते. बोलीभाषेत त्यांना ऑरेंज एरिया म्हणतात. अशा जमिनीवर एका खात्याने दिलेला पट्टा दुसरे खाते अतिक्रमण ठरवते आणि कसणारा शेतकरी दोन्हींच्या मध्ये अडकतो. म्हणून महसुलाचा नकाशा आणि वन खात्याचा नकाशा, दोन्ही मिळवावेत आणि एकावर एक ठेवून पाहावेत.

कागद हाती आल्यावर शिवारफेरी करावी. गावातील चार-पाच माणसांबरोबर सीमेवरून चालावे, जुने दगड, विहिरी, देवस्थाने, गुरांच्या वाटा, पाणवठे नकाशावर खुणेने दाखवावेत. यात दोन-तीन स्त्रिया आणि एखादा गुराखी असलाच पाहिजे. उन्हाळ्यात कोणता झरा कधी आटतो हे सरपंचापेक्षा पाणी भरणाऱ्या बाईला अधिक ठाऊक असते, आणि वाद मुळात त्याच झऱ्यावरून असू शकतो.

हवा असलेला कागद न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील करता येते. अर्जात मत किंवा कारण विचारू नये. विशिष्ट तारखेचा, विशिष्ट नावाचा अभिलेख मागावा.

तिसरी पायरी: यादीत कोण नाही, ते शोधावे

बैठकीला आलेल्या लोकांवरून गावाचे चित्र तयार होते, आणि ते चित्र बहुधा जमीनधारकांचे असते. नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला वाद ज्याच्यापुढे चालला त्या नर्मदा लवादाने विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचा निर्णय दिला, आणि त्या काळाच्या मानाने तो फार पुढचा होता: पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनक्षम जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब, साठ बाय नव्वद फुटांचा घरासाठी भूखंड, आणि हे सारे पाणी चढण्याच्या किमान एक वर्ष आधी. परंतु या जमिनीचा आधार आधीची मालकी हाच होता. नदीपात्रात टरबूज-काकडी लावणारे, मासे धरणारे केवट आणि कहार, होडी चालवणारे, भूमिहीन मजूर यांची उपजीविका नदीवर होती आणि त्यांच्या नावावर काहीच नव्हते. गुजरातने १९८७ मध्ये आपले धोरण वाढवून भूमिहीनांनाही दोन हेक्टर जमीन देऊ केली. मध्य प्रदेशात तसे झाले नाही. त्यामुळे एकाच धरणाच्या बुडितातल्या, एकाच नदीकाठच्या दोन भूमिहीन कुटुंबांना राज्याच्या सीमेवरून वेगवेगळा न्याय मिळाला.

म्हणून प्रत्येक गावात एक साधा तक्ता करावा. कुटुंब, नावावर असलेले साधन, प्रत्यक्ष वापरात असलेले साधन, आणि प्रस्तावित प्रकल्पाने त्यावर होणारा परिणाम, असे चार रकाने पुरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात जेथे तफावत दिसेल, तेथे पुढचा तंटा दबा धरून बसलेला आहे असे समजावे.

चौथी पायरी: जुना निर्णय मुळातून वाचावा

आपल्या शहरात, विजयनगर भागातल्या नर्मदा सदनात, नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालय आहे. हजारो इंदूरकर रोज त्या रस्त्याने जातात. चार राज्यांमधील पाणीवाटपावर देखरेख करणारी संस्था येथे बसते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या प्राधिकरणाचा जन्म ज्या निर्णयातून झाला, तो आंतरराज्य वाद समजण्यासाठी उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

१९६८ मध्ये गुजरातने केंद्राकडे तक्रार केली. ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. लवादापुढे वर्षानुवर्षे युक्तिवाद चालू असताना १९७४ च्या जुलैमध्ये संबंधित राज्यांत समझोता झाला आणि त्याने निम्मी गाठ सुटली: पंचाहत्तर टक्के खात्रीचे, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असे, पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरायचे, त्यातले महाराष्ट्राला ०.२५ आणि राजस्थानला ०.५० द्यायचे, आणि उरलेल्याची मध्य प्रदेश व गुजरात यांच्यातली वाटणी लवादाने करायची. डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आलेल्या अंतिम निर्णयात मध्य प्रदेशाला १८.२५ आणि गुजरातला ९ दशलक्ष एकर-फूट पाणी मिळाले. धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट ठरली. वीज मध्य प्रदेशाला ५७, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६ टक्के ठरली. राजस्थान नर्मदेच्या खोऱ्यात येतच नाही, तरीही त्याला वाटा मिळाला, ही गोष्ट नवख्यांनी विसरू नये: नकाशावर नदी नसली तरी समझोत्यात जागा असू शकते.

वृत्तपत्रांत हेच आकडे येतात आणि लोकांच्या लक्षातही हेच राहतात. प्रत्यक्षात वाद पेटतो तो पाऊस कमी पडलेल्या वर्षी, आणि त्या वर्षासाठी लवादाने काय लिहिले ते एका छोट्या कलमात आहे. पाणी २८ पेक्षा जास्त असो वा कमी, ते मध्य प्रदेश ७३, गुजरात ३६, राजस्थान २ आणि महाराष्ट्र १ या प्रमाणातच वाटायचे. तुटीच्या वर्षाचा नियम आधीच लिहून ठेवल्यामुळे त्या वर्षी नव्याने भांडण मांडण्याची वेळ येत नाही. कावेरीबाबत नेमके हेच अवघड गेले. तेथे १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये अंतिम निर्णय आला, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करून कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला, आणि तरीही पाऊस लांबला की तूट कशी वाटायची यावरून कर्नाटक आणि तामिळनाडू या राज्यांत तणाव होतो.

कोणताही करार किंवा निर्णय हाती आला की तीन कलमे प्रथम काढावीत: तुटीचे कलम, मोजणी कोण करणार ते सांगणारे कलम, आणि फेरविचाराचे कलम. मोजणीचे कलम तर तळहातावर लिहून ठेवावे. सरदार सरोवराच्या मागे पाणी कोठपर्यंत फुगेल, याची पातळी नंतरच्या काळात नव्याने मोजली गेली आणि मध्य प्रदेशातील सुमारे सोळा हजार कुटुंबे बुडिताच्या हिशेबातून बाहेर पडली. सप्टेंबर २०२३ च्या पुरात धार आणि बडवानीच्या पट्ट्यात बुडिताच्या या नव्या रेषेबाहेरच्या घरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी आल्या. रेषा कोणी, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या उपस्थितीत आखली, हा प्रश्न त्या घरांसाठी आता भांड्याकुंड्यांचा प्रश्न झाला आहे.

पाचवी पायरी: योग्य दार, मुदतीच्या आत

गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली घोषित आदिवासी भागात, आहे का, हे पहिल्यांदा तपासावे. झाबुआ, अलीराजपूर आणि बडवानी हे जिल्हे पूर्णपणे, तर धार आणि खरगोन यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात; इंदूर जिल्हा येत नाही. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी अमलात आणले. त्यांनुसार ग्रामसभेची शांती व विवाद निवारण समिती असते. गावातल्या गावातला चराईचा किंवा पाटाचा तंटा आधी तेथेच न्यावा. तहसील कचेरीत गेलेला तंटा परत गावात आणणे फार कठीण असते.

जंगलावरील हक्कासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. वैयक्तिक दाव्यांवर सारा भर देऊन सामूहिक दावा मागे ठेवण्याची चूक सर्रास होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, हे आपल्या मराठी वाचकांना परिचित आहे. त्या कामातली खरी मेहनत ठरावांच्या नोंदवहीत होती. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. गणपूर्तीची सही-अंगठ्यांची यादी ठरावाला जोडलेली नसेल, तर उत्तम भाषेतला ठरावही वरच्या समितीत टिकत नाही. ग्रामसभेचा ठराव किती वजनदार ठरू शकतो, हे ओडिशातील नियमगिरीत दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निर्णयानंतर तेथील बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

खाण, धरण किंवा मोठा कारखाना येणार असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गावाने बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. रागाच्या भरात बहिष्काराचा निर्णय घेणाऱ्या गावाला हे स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे. लेखी हरकत द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि तोंडी बोलण्यासाठी तीन-चार माणसांत विषय वाटून द्यावेत, म्हणजे प्रत्येक जण तेच तेच बोलत नाही.

पर्यावरणविषयक मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित अधिकरणात तीस दिवसांत अपील करावे लागते. योग्य कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद होते. इतर पर्यावरणीय तक्रारींसाठी मुदत सहा महिन्यांची आहे, आणि तीही साठ दिवसांनी वाढू शकते. अधिकरणाचे मध्य विभागाचे पीठ भोपाळला आहे. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी वेगळी तक्रार निवारण प्राधिकरणे आहेत. ती अपुरी वाटली तरी प्रथम तेथे जाऊन लेखी उत्तर मिळवावे, कारण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

सहावी पायरी: बैठक

बैठकीविषयी थोडक्यात. जागा कोणत्याही एका पक्षाची नसावी. अधिकाऱ्यांना खुर्च्या आणि गावकऱ्यांना सतरंजी, ही मांडणी बोलणे सुरू होण्यापूर्वीच निकाल सांगून टाकते. निमाडी, भिली किंवा बारेली बोलणाऱ्यांसाठी दुभाषी असावा आणि तो कोणत्याही पक्षाचा नसावा. इतिवृत्त त्याच दिवशी हिंदीत लिहून, मोठ्याने वाचून, सह्या घेऊन प्रत दोघांना द्यावी. कोणी «हे लिहू नका, विश्वासावर ठेवा» म्हटले, तर ते अवश्य लिहावे.

बैठकीत पूर्ण तोडग्याची अपेक्षा धरू नये. अंतरिम व्यवस्था मिळाली तर ती घ्यावी: अमुक तारखेपर्यंत मोजणी होईल, तोवर कोणी कुंपण घालणार नाही, तोवर पाणी अमुक पातळीच्या वर नेले जाणार नाही. अंतरिम व्यवस्थेतही कोणी दबावाखाली हक्क सोडल्याचे लिहिले गेले नाही ना, हे बारकाईने पाहावे.

सातवी पायरी: करारानंतर

करार झाला की शहरातले लोक निघून येतात. गावाला त्याच वेळी आपली सर्वांत अधिक गरज असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये सरदार सरोवराचे काम पुनर्वसनाबरोबरच पुढे नेण्यास परवानगी दिली. त्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याच न्यायालयाला जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी साठ लाख आणि दुसऱ्या एका गटाला प्रत्येकी पंधरा लाख रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला. या मधल्या वर्षांत ज्यांनी अर्ज, पोचपावत्या, पट्ट्याच्या नकला आणि जागेची छायाचित्रे जपून ठेवली होती, त्यांची नावे यादीत आणणे तुलनेने सोपे गेले. म्हणून प्रत्येक कुटुंबाची एक फाइल गावात आणि तिची प्रत गावाबाहेर ठेवावी. पुराचे पाणी कागदांनाही सोडत नाही.

फेरविचाराचे कलम प्रथम काढावे, असे मी वर सुचवले; त्यातली तारीख दिनदर्शिकेतही लिहून ठेवावी, आणि त्याला एक ताजे कारण आहे. नर्मदेच्या वाटपाचा राजपत्रातील प्रसिद्धीपासून पंचेचाळीस वर्षांनंतर केव्हाही फेरविचार होऊ शकेल, असे त्या निर्णयातच म्हटले आहे, आणि ती पंचेचाळीस वर्षे डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. चार राज्ये आपापले अभियंते आणि वकील घेऊन त्या टेबलाशी केव्हा ना केव्हा बसतील. जलूदच्या पाण्यावर जगणाऱ्या इंदूरकरांनी आपल्या प्रभागात रोज दरडोई किती पाणी येते, गळतीत किती जाते आणि किती सांडपाणी होऊन कान्हेत उतरते, हे आकडे नगरपालिक निगमाकडून माहिती अधिकारात आताच मागून ठेवावेत. पहिला अर्ज सरावासाठी म्हणून आपल्याच गल्लीचा करावा.